दाबून बसवायचं फाटक: नव्या भटक्या मांजरासाठी कितपत कामाचं?

घरात आधीच कुत्रा किंवा मांजर असेल, तर नव्या मांजराची ओळख करून द्यायला चार स्क्रूंच्या दाबावर दारात बसणारं लोखंडी फाटक उपयोगी पडतं. मात्र पहिल्याच दिवशी नाही. आधी दोन आठवडे बंद दाराआड वेगळी खोली, पिसवा-जंतांचं औषध, लस आणि मांजरांच्या ल्युकेमियाची (एका मांजराकडून दुसऱ्याला होणारा विषाणूचा आजार) रक्ततपासणी. हे टाळलं तर फाटकाच्या गजांमधून आधी पिसवाच पलीकडे जातील.

मुख्य दोष उंचीचा. फाटक साधारण ७५ सेंटिमीटरचं, आणि धडधाकट मांजर दीड मीटर सहज उडतं. म्हणून निदान एकावर एक दोन फाटकं लावावीत, तरी चपळ मांजर तीही ओलांडू शकतं. गजांमध्ये पाच-सहा सेंटिमीटर फट असते, त्यातून पिल्लू निसटतं. खालच्या भागाला बारीक जाळी तारेनं बांधावी. कुत्र्याच्या धक्क्यांनी स्क्रू ढिले होतात, ते रोज तपासावेत. गुळगुळीत टाइल्सवर तर पकड फारच कच्ची.

सुरुवातीला फाटकावर चादर टाकून दोन्हीकडे जेवणाची भांडी दोन मीटरवर ठेवायची. दोघंही शांतपणे खाऊ लागली की भांडी रोज थोडी जवळ आणायची, मग चादर वर सरकवायची. फिसकारणं चालेल, टक लावून ताठ उभं राहणं दिसलं की मागच्या पायरीवर यायचं.

बिजागरीचा खडखडाट बुजऱ्या मांजराला पळवतो, तिथे रबराचा तुकडा लावावा. घरात ससा किंवा पक्षी असेल तर हे फाटक घेऊच नये, भक्कम दारच हवं.