तेलाचा डबा विचारणारं केंद्र : आमचे १२ आठवडे

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा घरी सोडताना दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला होता. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, सालमन मासा. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि दहा दिवस इमानदारीनं सगळं केलं. अकराव्या दिवशी ह्यांनी ताट सारलं आणि म्हणाले, "मला भाकरी दे." मला रडू आलं. ह्यांना जपायचं होतं आणि जपायचं कसं तेच कळत नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी इथल्या सांगलीतल्याच एका हृदय-पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी दिली. १२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. सायकल, ट्रेडमिल, व्यायामाआधी आणि नंतर बीपी. ते सगळं चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते तिथल्या आहाराच्या कामाबद्दल, कारण आमच्या घरात जो फरक पडला तो तिथून पडला.

पहिल्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आहारतज्ज्ञ मॅडमनी दार उघडून विचारलं, "काकू, स्वयंपाक तुम्ही करता ना? मग बाहेर का बसलाय? आत या." आणि ह्यांच्या आधी मलाच प्रश्न : महिन्याला तेल किती आणता? मी सांगितलं, चार माणसांना ५ लिटरचा डबा. त्यांनी तिथल्या तिथे भागाकार करून दाखवला. रोज माणशी ४० मिलीच्या वर. निम्म्यावर यायचं होतं. पण आज काय तळलं, फोडणीला किती घातलं, असलं काही विचारणार नाही म्हणाल्या. डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहायची, संपेल त्या दिवशी मला कळवायचं, एवढंच. पहिला डबा ३८ दिवस पुरला. आता दोन महिन्यांच्या जवळ आलोय.

मिठाचं त्याहून अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचं माप दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचासुद्धा पुरता नाही. त्यात लोणचं, पापड, बेकरीची खारी, सगळं आलं. मी म्हटलं, आमटीत तर मी बेतानंच घालते. तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि चटणीत?" आपल्याकडची वर्षाची कांदा-लसूण चटणी खडेमीठ घालूनच कुटतात. चटणीतलं मीठ आधीच आमटीत उतरतं आणि वरून आपण परत घालतो. इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. यंदा मी चटणी निम्म्या मिठाची केली, थोडीच केली आणि फ्रिजमध्ये ठेवली. मुलगा कौतुकानं कमी सोडियमचं मीठ घेऊन आला होता. त्यात पोटॅशियम असतं आणि ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. डॉक्टरांनीही नकोच म्हटलं.

त्यांनी काय काढून घेतलं नाही, तेही सांगते. शाळूची भाकरी ठेवली, कारण तिच्यात तेलही नाही आणि आमच्याकडे मीठही घालत नाहीत. जवसाची, कारळ्याची चटणी ठेवली. मटण महिन्यातून एकदा, चार फोडी, रश्श्यावरचा तवंग काढून. भडंगसुद्धा ठेवलं! चुरमुरे मुळातच खारट असतात, त्यामुळे वरून मीठ अजिबात नाही. दोन चमचे तेलात लसूण आणि कढीपत्ता, खाताना लिंबू. ह्यांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

पाचव्या आठवड्यात घसरलो. मार्केट यार्डात ह्यांची हळदीची अडत आहे. सौद्याच्या दिवशी सकाळी लवकर जायचं, मग अकराच्या सुमाराला चहाबरोबर भजी. मला शर्टाच्या वासावरून कळलं आणि मी चार माणसांत बोलले. पुढचे दोन दिवस घरात अबोला. गुरुवारी केंद्रातून फोन आला (तेव्हा दर गुरुवारी यायचा) तेव्हा ह्यांनी आपण होऊन सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. किती वाजता, कोणाबरोबर, आधी काय खाल्लं होतं, एवढंच विचारलं. सात वाजता नुसता चहा घेऊन निघालेल्या माणसाला अकराला भूक लागणारच. तेव्हापासून निघताना एक भाकरी आणि गल्ल्याच्या खणात फुटाणे नि पेरू. मला वेगळं सांगितलं, "काकू, रोज काय खाल्लं त्याची वही काकांनी लिहायची. तुम्ही तपासायची नाही." हे मला जड गेलं. पण त्या वहीपायी होणारी भांडणं थांबली, आणि वही मात्र चालू राहिली.

आता उणिवा. फी सगळी एकदम भरावी लागते आणि आमच्या विम्यात ती बसली नाही. बॅच सकाळी दहाची एकच, नोकरी-धंद्याच्या माणसानं काय करायचं? पाककृतींच्या पुस्तिकेत परत तेच ओट्स आणि पास्ता. मॅडम तोंडी इतकं चांगलं सांगतात, तर ते छापत का नाहीत?

सगळ्यात मोठी उणीव अशी की १२ आठवडे संपले की फोन बंद. मॅडमनीच एकदा सांगितलं होतं, २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) दिसलं की फोनसारख्या पाठपुराव्यानं काही ठिकाणी पथ्य पाळायला मदत होते, पण सुरुवातीला दिसलेला फायदा पुढे बहुतेक वेळा टिकत नाही. मग महिन्यातून एक फोन तरी चालू ठेवायला हवा. त्यासाठी वेगळे पैसे द्यायची आमची तयारी आहे, तसं मी तिथल्या अभिप्रायाच्या वहीत लिहूनही आलेय. तोवर आमच्या बॅचमधली चार जोडपी दर गुरुवारी सकाळी आमराईत फिरायला भेटतो आणि डबा कितवा दिवस चाललाय ते एकमेकांना विचारतो.

कोणाला जायचं असेल तर स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा. आणि मिठाच्या बरणीतला नेहमीचा चमचा पिशवीत टाका, त्यात किती मीठ मावतं ते मॅडम काट्यावर मोजून देतात. माझा ८ ग्रॅमचा निघाला होता.