'इनॅप्टिट्यूड' की 'इनेप्टिट्यूड'?

'इनॅप्टिट्यूड' (inaptitude) आणि 'इनेप्टिट्यूड' (ineptitude) या दोन्ही इंग्रजी शब्दांचे मूळ 'अनुरूप' या अर्थाच्या 'आप्टस' या लॅटिन शब्दात असले, तरी इंग्रजी वापरात त्यांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या झाल्या आहेत. 'इनॅप्टिट्यूड' हा औपचारिक आणि विरळ शब्द अनुरूप नसणे किंवा अंगी कल नसणे दर्शवतो. 'इनेप्टिट्यूड'मध्ये मात्र गबाळेपणाचा ठपका असतो. नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, सीताबर्डीवरच्या समारंभासाठी लोकरी कोट निवडला, तर ती निवड 'इनॅप्ट'. शिंप्याने त्याच कोटाची एक बाही आखूड शिवली, तर ते काम 'इनेप्ट'. मराठीत 'इनॅप्टिट्यूड'साठी मी 'अनुचितता' लिहीन. 'अपात्रता' नव्हे, कारण तिला कायद्याचा वास येतो. कर्मचाऱ्याच्या अहवालात तर एका स्वराच्या चुकीने कल नसलेला माणूस थेट गबाळा ठरतो.