युनिव्हर्सल थ्रॉटल केबल किट : तार उत्तम, पेडलकडचे टोक कच्चे

कॉव्हेंट्रीतील माझ्या गॅरेजमध्ये गेली दोन वर्षे एक किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जुळवायची गाडी, आकार घेत आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीची ही उघडी, दोन आसनी गाडी आहे आणि तिच्यात फोर्डचे जुने १.६ लिटरचे केंट क्रॉसफ्लो इंजिन व वेबरचे दोन आडवे ४० डीसीओई कार्ब्युरेटर बसवले आहेत. इंजिन एका गाडीचे, पेडल दुसऱ्या गाडीचे आणि चॅसिस तिसऱ्याच कारखान्यातले असल्यामुळे पेडल व कार्ब्युरेटर यांना जोडणारी तयार ॲक्सिलरेटर वायर (थ्रॉटल केबल) कोठेही मिळत नाही. म्हणून मी ऑनलाइन एक युनिव्हर्सल किट अठ्ठावीस पौंडांना मागवले. ते बसवताना आलेला अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण ब्रेकच्या खालोखाल गाडीत जीव गुंतलेला असतो तो याच तारेत.

पाकिटात दोन मीटर आउटर (तारेभोवतीची नळी), दीड मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची इनर (आतली) तार, दोन ॲडजस्टर (तारेचा ताण जुळवणारे स्क्रू), आउटरच्या टोकांच्या टोप्या, पेडलसाठी पिन घातलेला एक लहान चिमटा आणि स्क्रूने आवळायची दोन निपल (तारेचे टोक धरून ठेवणारे धातूचे लहान तुकडे) एवढे साहित्य आहे. सूचनांचा कागद अर्ध्या पानाचा आहे. आउटरबद्दल मला तक्रार नाही. त्याच्या आतले प्लास्टिकचे अस्तर गुळगुळीत आहे, कापलेले टोक कानसीने साफ केले की तार बोटाच्या एका धक्क्याने आत सरकते, आणि वळण मोठे ठेवले तर कोठेही अडत नाही.

अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही तशीच चालते : आतली तार ओढली जाते तेव्हा बाहेरचे वेटोळे, म्हणजे आउटर, तेवढाच दाब सोसते, आणि म्हणूनच आउटरची दोन्ही टोके पक्की धरलेली असणे अत्यावश्यक ठरते. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलत असते. त्यामुळे इंजिनकडचे टोक चॅसिसला नव्हे, तर कार्ब्युरेटर ज्या मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांवर) बसतात त्यालाच ब्रॅकेट लावून आवळावे लागते. नाहीतर इंजिनच्या प्रत्येक हिसक्यासरशी रेस आपोआप कमी-जास्त होते. किटमधला इंजिनकडचा ॲडजस्टर या कामासाठी पुरेसा मजबूत आहे आणि त्याचे लॉकनट धक्क्यांनी सैल होत नाहीत.

खरी अडचण पेडलकडे आहे. स्क्रूचे निपल तारेला थेट स्क्रूच्या टोकाने चिरडते. मी ते सांगितल्याप्रमाणे घट्ट आवळले, इंजिन बंद ठेवून पत्नीला पेडल दाबण्यास सांगितले आणि स्वतः कार्ब्युरेटरच्या तोंडातून आतल्या पडद्यांकडे, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या झडपांकडे, पाहत राहिलो. पहिल्या काही वेळी ते पूर्ण उघडले. दहा-बारा वेळा दाबल्यानंतर मात्र ते थोडे कमी उघडू लागले. निपल सोडून पाहिले तेव्हा तार तीन मिलिमीटर सरकलेली होती आणि स्क्रूखालचे तारेचे दोन पदर (बारीक धागे) तुटलेले होते. हे रस्त्यावर घडले असते तर गाडी रेसच घेईनाशी झाली असती. आणि तुटलेला पदर आउटरच्या तोंडात अडकला असता तर पडदे उघडेच राहिले असते, जे कितीतरी भयंकर आहे.

उपाय म्हणून मी पितळेचे, डाग देऊन (सोल्डर करून) बसवायचे निपल वेगळे विकत घेतले. तार त्यातून ओवून टोकाचे पदर फुलासारखे पसरवायचे, ते निपलच्या खळग्यात बसवायचे आणि मग डाग द्यायचा, म्हणजे ओढ केवळ डागावर न येता पदरांच्या फुगवट्यावरही येते. स्टेनलेस तारेवर साधा डाग धरत नाही, त्यासाठी आम्लयुक्त फ्लक्स (डाग धरण्यासाठी लावायचे द्रव्य) लागते आणि नंतर ते पाण्याने नीट धुऊन टाकावे लागते. किटमध्ये जस्ताचा मुलामा दिलेली साधी तार दिली असती तर घरी बांधणाऱ्यांचे काम निम्म्याने सोपे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूचनांच्या कागदावर आणखी एक गोष्ट नाही, आणि ती मला अक्षम्य वाटते : पेडलचा अडसर, म्हणजे पेडल ठरावीक जागी थांबवणारा टेकू. माझे पेडल कण्यापासून (ज्या खिळीवर ते फिरते तिच्यापासून) पायापर्यंत २०० मिमी आहे आणि तार कण्यापासून ७० मिमीवर जोडली आहे. पायाखाली पेडल १०० मिमी सरकले की तार ३५ मिमी ओढली जाते. कार्ब्युरेटरकडच्या २५ मिमी त्रिज्येच्या अर्धगोल चकतीला ८० अंश फिरवण्यासाठी जवळजवळ एवढीच तार लागते, म्हणून ७० हा आकडा निवडला. परंतु याच तरफेमुळे पायाने तीस किलोचा जोर दिला तर तारेवर पंच्याऐंशी किलोंहून अधिक ओढ येते. घाईच्या क्षणी पाय एवढा जोर सहज लावतो. म्हणून पेडलमागे लॉकनटसह आठ मिलिमीटरचा बोल्ट बसवून, पडदे पूर्ण उघडतात नेमक्या त्याच क्षणी पेडल त्यावर टेकेल अशी मांडणी करावी लागते, म्हणजे पायाचा जास्तीचा भार चॅसिसवर जातो. पेडल सोडलेले असताना तारेत एक-दोन मिलिमीटर ढील ठेवावी, आणि परतीच्या स्प्रिंगा दोन असाव्यात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी पडदे मिटवते. चकतीऐवजी साधा दांडा असेल तर तार व दांडा कधीही एका रेषेत येऊ देऊ नये. तसे झाले की दांडा पलीकडे कलतो आणि स्प्रिंगलाही तो परत आणता येत नाही.

इंजिन व चॅसिस यांच्यामधली अर्थिंगची जाड पट्टी जोडल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. ती नसेल तर स्टार्टरचा प्रचंड विद्युतप्रवाह परतीची वाट शोधत याच पोलादी तारेतून जातो, आतले प्लास्टिक वितळते आणि तार जागच्या जागी चिकटून बसते.

नवे निपल आणि अडसर बसवल्यावर पेडलची चाल अतिशय मऊ झाली आहे, आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकत्र जुळवल्यानंतर इंजिन पायाच्या हलक्या दाबालाही चटकन प्रतिसाद देते. आउटर, इनर आणि ॲडजस्टर यांसाठी हे किट मी पुन्हा घेईन. स्क्रूची निपल मात्र पाकिटातून काढून बाजूलाच ठेवावीत. फार तर गाडी उभी असताना तारेची लांबी ठरवण्यापुरती ती वापरावीत. इनर कापण्यापूर्वी कापण्याच्या जागी डाग देऊन घ्यावा किंवा चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, आणि साध्या पकडीऐवजी सायकलच्या दुकानात मिळणारे केबल कटर वापरावे. एकदा पदर विस्कटले की ती तार पुन्हा निपलमधून जात नाही, आणि हे किट बनवणारा सुटी इनर विकत नाही.