इंग्लंडच्या प्रायमरीत आरई (रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मांचा विषय) शिकवायचं, चर्च ऑफ इंग्लंडची शाळा घ्यावी की कॅथलिक?

क्यूटीएस (इंग्लंडमधली शिक्षकाची अधिकृत पात्रता) हातात आहे, दोन शाळांकडून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय, एक चर्च ऑफ इंग्लंडची आणि एक कॅथलिक, आणि आपण स्वतः हिंदू, बौद्ध किंवा काहीच न मानणारे. अशा वेळी पगार आणि बसचा रूट बघून ठरवू नका, कारण प्रायमरीत गणितापासून आरईपर्यंत सगळं बहुतेक वर्गशिक्षकालाच घ्यायला लागतं.

आधी बघायचं ते शाळा व्हीसी (व्हॉलंटरी कंट्रोल्ड) आहे का व्हीए (व्हॉलंटरी एडेड), हे सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक शाळांचे दोन प्रकार. ही विभागणी १९४४ च्या कायद्यापासूनची. व्हीसी शाळेत आरईचा सिलॅबस चर्च ठरवत नाही, त्या भागासाठी लोकल अथॉरिटीने (स्थानिक कौन्सिलने) मान्य केलेला असतो तोच चालतो, त्यामुळे ख्रिश्चन धर्माचा वाटा मोठा असला तरी इस्लाम, हिंदू, शीख, ज्यू सगळेच येतात (आणि दिवाळीचा धडा तुमच्याच गळ्यात पडणार हे धरून चाला!). असेंब्ली मात्र चर्चच्याच पद्धतीची, प्रार्थना, व्हिकरची (चर्चच्या धर्मगुरूची) भेट वगैरे. कायद्याने व्हीसीमध्ये रिझर्व्ह्ड टीचर (शाळेच्या धर्माप्रमाणे आरई शिकवायला खास नेमलेले) सोडून बाकी कुणावर आरईची सक्ती करता येत नाही, पण इंटरव्ह्यूत पहिलंच वाक्य हे टाकू नका म्हणजे झालं.

व्हीएमध्ये सिलॅबस शाळेच्या धर्मानुसार असतो आणि नेमणूक करताना धर्म बघायची मुभा गव्हर्नर्सना (शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला) असते. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा दोन्ही प्रकारच्या आहेत, कॅथलिक शाळा व्हीसी नसतातच.

खरा फरक वेळेचा आहे. चर्च ऑफ इंग्लंडची अपेक्षा टाइमटेबलच्या निदान ५ टक्के, म्हणजे आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास. कॅथलिक शाळेत १० टक्के, म्हणजे जवळजवळ अडीच तास, आणि तो वेळ कुठल्या प्रोजेक्टसाठी कापून घेता येत नाही, तिथे आरईला इंग्लिश-गणिताच्या बरोबरीचा मान आहे. २०२३ मध्ये कॅथलिक बिशप्सची नवीन डिरेक्टरी (आरईचा अभ्यासक्रम) आली, त्यात वर्षाचे सहा भाग, सृष्टीची निर्मिती आणि देवाने माणसांशी केलेल्या करारापासून सुरू करून येशूचं जीवन, पुनरुत्थान, चर्च असं पुढे जात शेवटच्या भागात इतर धर्मांशी संवाद. कॅथलिक शाळांचे इन्स्पेक्टर येतात ते आरईचा तास वर्गात बसून बघतात आणि त्या विषयाला वेगळी ग्रेड देतात, म्हणजे तयारी कच्ची ठेवून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी फर्स्ट कम्युनियन (मुलांनी पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा विधी) इयर थ्रीला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात असतं, तो वर्ग मिळाला तर पॅरिशशी (तिथल्या चर्चशी) रोजचा संबंध येतो.

कॅथलिक नसलात तरी तिथे वर्गशिक्षक होता येतं, फक्त हेड (मुख्याध्यापक), डेप्युटी आणि आरई लीड (आरईचा विषयप्रमुख) ही पदं प्रॅक्टिसिंग कॅथलिकांसाठी राखीव. म्हणून पुढे हेड व्हायची इच्छा असेल तर मी तरी तिकडे जाणार नाही. उलट लहानपणापासून धर्मशिक्षणाला बसलेला वसईकर कॅथलिक असेल तर त्याने डोळे झाकून कॅथलिक शाळाच घ्यावी, विषय खोलवर शिकवायला मिळतो. बाकीच्यांनी व्हीसीपासून सुरुवात करा असं माझं मत.

आणि शाळा अ‍ॅकॅडमी (लोकल अथॉरिटीपासून स्वतंत्र सरकारी शाळा) झाली असेल तर आधी ती व्हीसी होती का व्हीए हे विचाराच, आरईचे नियम साधारण तेच पुढे चालू राहतात आणि जाहिरातीत ते लिहिलेलं असेलच असं नाही.