कन्व्हर्टर बदलण्याआधी तो का गेला हे शोधणारं गॅरेज

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि कुणी "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) गेला" असं सांगितलं, तर खर्चाला हो म्हणण्याआधी गाडी इथे दाखवा. मी भोसरीला कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे एखादा पार्ट रिजेक्ट केला की तो का रिजेक्ट झाला हे लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. गाडीच्या बाबतीत असं काम करणारं माणूस मला कात्रज-कोंढवा रस्त्याच्या आतल्या या गॅरेजमध्ये भेटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. रोज धायरी ते भोसरी. चांदणी चौकाच्या चढावर ती ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन गुदमरल्यासारखं करायचं, एव्हरेज घसरलं आणि सिग्नलला उभी असताना गाडी किंचित थरथरायची. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०४२० कोड आला आणि चाळीस हजारांच्या पुढचं एस्टिमेट माझ्या हातात दिलं. थरथरण्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. घराजवळच्या एका गॅरेजने वेगळाच मार्ग सांगितला: डबा कापायचा, आतली जाळी फोडून काढायची, परत वेल्ड करायचा आणि मागच्या सेन्सरला स्पेसर लावून तो धुरापासून लांब करायचा, म्हणजे दिवा लागणार नाही. "तीन हजारात काम होतंय मॅडम, सगळे करतात."

इथल्या काकांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल किती टाकावं लागतं?" दुसरा, कूलंट कमी होतं का. तिसरा, सकाळी स्टार्ट केल्यावर गाडी मिसिंग करते का. मग स्कॅनर.

पी०४२० कोड फक्त एवढंच सांगतो की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. का करत नाही, हे त्यात नसतं. याच स्कॅनरमध्ये पेंडिंगमध्ये आणखी एक कोड होता, पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरला मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. काकांची मुलगी लॅपटॉप सांभाळते. तिने दोन्ही ओटू (ऑक्सिजन) सेन्सरचे ग्राफ एकाखाली एक लावून मला दाखवले. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वरखाली होतो, तो तसाच व्हायला हवा, कारण इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, मिश्रण कधी थोडं पेट्रोल जास्त तर कधी थोडं हवा जास्त असं हलवत ठेवतो. पेट्रोलला आदर्श प्रमाण वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, आणि ईसीयू त्याच्या आजूबाजूला झुलत राहतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर हे झुलणं तो आत जिरवतो आणि मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ येते. माझ्या गाडीत मागची रेघ पुढच्या रेघेची नक्कल करत होती.

जिरवतो म्हणजे काय, हे मी तिथेच विचारलं आणि तिने न कंटाळता सांगितलं. आतली चिनी मातीसारख्या सिरॅमिकची जाळी बारीक आडव्या नळ्यांची असते. त्यावर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू, सगळे मिळून जेमतेम काही ग्रॅम. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि न जळालेल्या पेट्रोलचं पाणी व कार्बन डायऑक्साइड करतात. त्याला ऑक्सिजन लागतो. ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन सोडतो. तिथे ऑक्सिजन जास्त झाला तर काम बिघडतं. ही दोन उलटी कामं एकाच डब्यात चालायची म्हणून थरात सेरियम ऑक्साइडही असतो. हवा जास्त आली की तो ऑक्सिजन साठवतो, पेट्रोल जास्त आलं की सोडतो. मागच्या सेन्सरची सरळ रेघ या साठ्याची खूण. धातू स्वतः खर्च होत नाहीत, त्यामुळे इंजिन नीट असेल तर हा डबा गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो. म्हणूनच "लाखभर किलोमीटर झाले, आता जाणारच" असं कुणी म्हटलं तर पटवून घेऊ नका.

एक्झॉस्ट थंड झाल्यावर त्यांनी पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवलं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. काकांच्या हिशेबाने २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत रीडिंग हवं. माझ्या गाडीचा काटा ६च्या वर गेला. चांदणी चौकात गाडी का गुदमरत होती त्याचं उत्तर त्या काट्यावर होतं: जळालेला वायू बाहेर जायला जागा नसेल तर नवी हवा सिलेंडरमध्ये येणार कुठून? मग त्याच भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. जाळीचा एक भाग सुबक चौकोनी खिडक्यांचा, आणि त्याला लागूनच वितळून काचेसारखा चकचकीत झालेला गोळा, खिडक्या पूर्ण बुजलेल्या. हे चित्र मी कुणाला दाखवायचं म्हणून मोबाइलवर घेऊन ठेवलंय.

आता तिसरा सिलेंडर. प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या पोर्सिलेनला उभी चीर होती आणि त्यावर काळी रेघ, म्हणजे ठिणगी टोकापर्यंत न जाता बाजूनेच निसटत होती. त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइलही कमजोर निघाली. दुसऱ्या सिलेंडरवर बदलून लावली तर मिसफायर तिच्याबरोबर तिकडे गेला. ठिणगी चुकली की त्या सिलेंडरचं पेट्रोल आणि हवा न जळता थेट एक्झॉस्टमध्ये जातात आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पेटतात. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो आणि चालत्या गाडीत ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान असतो. कच्चं पेट्रोल आत जळायला लागलं की तापमान हजाराच्या पुढे जातं. आधी धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि काम मंदावतं. त्याहून वर गेलं की जाळीच वितळते. चेक इंजिनचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायची, ती याचसाठी. बॅटरी उतरलेली किंवा स्पार्क नसलेली गाडी धक्का मारमारून सुरू करण्यानेही हेच होतं.

"नवा आज बसवून देईन ताई, पण कॉइल अशीच ठेवली तर तोही सहा महिन्यांत जाईल," काका म्हणाले. चाळीस हजारांच्या त्या एस्टिमेटमध्ये कॉइलचा उल्लेखच नव्हता.

ऑइल-कूलंटचे प्रश्न का विचारले तेही त्यांनी सांगितलं. पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व सील झिजून गाडी ऑइल खात असेल, तर ऑइलमधल्या फॉस्फरस आणि झिंकची राख जाळीवर थर धरते आणि धातू झाकले जातात. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर त्यातले क्षारही तसंच करतात. अशा वेळी जाळी दिसायला धड असते आणि तरी निकामी असते. शिसं तर कन्व्हर्टरचा जुना वैरी. आपल्याकडे १९९५ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा केला तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल सोबत आणावं लागलं, आणि २००० साली शिसंवालं पेट्रोल देशभरातून गेलं, ते उगाच नाही. पेट्रोलमध्ये टाकायच्या "कॅट क्लीनर"च्या बाटल्यांबद्दल मी विचारलं. काजळी थोडी साफ होईल, वितळलेली जाळी परत उभी राहणार नाही, असं सरळ उत्तर मिळालं. बाटल्या त्यांच्याच कपाटात विकायला होत्या, तरी.

जाळी फोडून देण्याचं काम इथे करत नाहीत. भिंतीवर तसं लिहून ठेवलंय आणि मी बसले असताना एका टॅक्सीवाल्या दादांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. मला या गोष्टीचं फार वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये असा बदल बसत नाही, बीएस-४ गाडीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो, हे सगळं आहेच. पण सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत माझ्या गाडीच्या मागे स्कूटरवर पुढे उभं असलेलं लहान पोर असतं. माझ्या सायलेन्सरचा धूर थेट त्याच्याकडे जातो. तीन हजारांत काम उरकून मी तो विषारी धूर त्याच्या छातीत सोडायचा का? आपल्या शहरात वेताळ टेकडीवर १९६६ला स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते, आणि खाली गल्लीगल्लीत जाळ्या फोडल्या जातात, याचा मला राग येतो.

कन्व्हर्टरमध्ये त्यांनी दोन पर्याय दिले. एक कंपनीचा, दुसरा बाहेरचा, निम्म्याहून कमी किमतीचा. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये महाग धातू कमी लावलेले असतात, सुरुवातीला रीडिंग छान येतं आणि काही महिन्यांनी तोच कोड परत येतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी कंपनीचा घेतला. भागाची किंमत सगळीकडे तीच, पण मजुरी सर्व्हिस सेंटरच्या निम्मी लागली. चारही प्लग आणि एक कॉइल मिळून पाच हजारांच्या आत. जुना कन्व्हर्टर त्यांनी माझ्यासमोर डिकीत ठेवला. हे महत्त्वाचं आहे, कारण जुन्यालाही भंगारात चांगले पैसे येतात. आतल्या या धातूंपायीच गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. तुम्ही कुठेही काम केलंत तरी जुना मागून घ्या.

काम झाल्यावर परत गेज लावलं, काटा १च्या खाली. मागच्या सेन्सरची रेघ सरळ. चांदणी चौक आता तिसऱ्या गिअरवर सहज चढते आणि सिग्नलला थरथर नाही.

तक्रारीही आहेत. बिल हाताने लिहिलेलं, त्यात आधीचं आणि नंतरचं रीडिंग नाही. इतकं मोजून काम करणाऱ्यांनी ते आकडे बिलावर द्यायलाच हवेत; मी मागितल्यावर मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवले. फोन दुपारी उचलत नाहीत. लिफ्ट एकच, त्यामुळे नंबर लागतो. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, बाईमाणसाला स्वच्छतागृहाची सोय नाही. गाडी गल्लीत लावावी लागते आणि समोरच्या दुकानदाराशी वाद होतो.

तरी पाचपैकी पाच देते. जाताना अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण एक्झॉस्ट हात लावण्याइतका थंड झाल्याशिवाय ते सेन्सर खोलत नाहीत. मागच्या सर्व्हिसिंगची बिलं सोबत न्या. ऑइल कोणतं टाकलं, प्लग कधी बदलले, हे ते विचारतातच. आणि दुसरीकडे स्कॅन केलं असेल तर कोड पुसू देऊ नका, तसेच घेऊन या.