महाविद्यालयीन बातमीदाराचा पहिला कॅमेरा : मोबाईल, जुना डीएसएलआर की नवा मिररलेस?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आणि महाविद्यालयातील घडामोडींची छायाचित्रे स्वतःच काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात : हातात असलेला मोबाईल, कोणीतरी वापरून विकायला काढलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि नवा मिररलेस (तसाच, पण आरसा नसलेला). दुकानात या तिघांची तुलना मेगापिक्सेलवरून होते. बातमीदाराला ती फारशी उपयोगाची नाही, कारण १२ मेगापिक्सेलचे छायाचित्रही ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे चांगल्या छपाईच्या मापाने) सुमारे ३४ सेंटीमीटर रुंद छापता येते आणि महाविद्यालयाच्या कोणत्याही अंकाला तेवढे पुरते. खरा फरक पडतो तो प्रकाश किती आहे, घटना किती लांब घडते आहे आणि छायाचित्र किती लवकर पोहोचवायचे आहे, यावरून.

दिवसाढवळ्या होणाऱ्या घटनांसाठी, म्हणजे शुल्कवाढीविरुद्धचे आंदोलन, प्रवेशासाठी लागलेली रांग किंवा वृक्षारोपण यांसाठी, मोबाईल कोठेही कमी पडत नाही. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते, त्यामुळे चेहरे नीट यावेत म्हणून घोळक्यात शिरून माणसांच्या जवळ जावेच लागते. नवख्याची भीड मोडण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. शिवाय फोटोओळ तिथेच उभ्याने लिहून छायाचित्र पाच मिनिटांत संपादकाकडे पोहोचते. मात्र ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर आकुंचन पावते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

संध्याकाळी नाट्यगृहात गेल्यावर मात्र हे चित्र पालटते. पुण्यातल्या विद्यार्थी-बातमीदाराच्या वाट्याला कधी ना कधी भरत नाट्य मंदिरातील पुरुषोत्तम करंडकाची फेरी येतेच, आणि इतरत्रही स्नेहसंमेलन चुकत नाही. मंद प्रकाश, हालणारे नट, मागच्या रांगेतली जागा आणि फ्लॅश वापरायचा नाही, हे सगळे एकदमच समोर येते. मोबाईलचा रात्रीचा मोड एकामागून एक घेतलेल्या अनेक चौकटी जुळवून उजेड वाढवतो. नेपथ्य त्यात सुरेख येते, पण हात उगारलेला नट धुरकट होतो. पण महाग कॅमेरा घेतला म्हणून सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे), आणि १६०० आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ठेवूनही शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, सेकंदाच्या एक विसांश भागापर्यंत खाली येऊ शकतो. त्याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स लावली की सुमारे दहापट प्रकाश आत येतो आणि तोच वेग सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास जातो, म्हणजे नट स्थिर दिसू लागतो. लहान सेन्सरच्या (प्रकाश टिपणारी चकती लहान असलेल्या) डीएसएलआरवर ही लेन्स ७५ ते ८० मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे दृश्य थोडे जवळ आणणारी, ठरत असल्याने मधल्या रांगेतूनही दोन-तीन पात्रांचा प्रसंग चौकट भरून मिळतो. जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ही एक लेन्स ही जोडी, माझ्या मते, नव्या बॉडी आणि किट लेन्सपेक्षा बातमीला कितीतरी जास्त उपयोगी पडते.

मैदानी खेळांबाबत थोडक्यात सांगता येईल. भर उन्हातल्या कबड्डीत प्रकाशाची नव्हे, अंतराची अडचण असते. तिथे मोबाईलचा डिजिटल झूम निरुपयोगी आहे आणि ५५-२५० मिलिमीटरसारखी दूरचे जवळ आणणारी लेन्स कोणाकडून तरी मागून आणणे शहाणपणाचे.

शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर मोबाईल बरेच काही लपवतो. अ‍ॅपर्चर बहुधा ठरलेले असते आणि पोर्ट्रेट मोडमधली पुसट पार्श्वभूमी संगणकाने तयार केलेली असते. बातमीच्या छायाचित्रात ती वापरू नये, कारण मागे उभा असलेला माणूस हा बातमीचाच भाग असू शकतो. डीएसएलआरमध्ये अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांचा हिशेब स्वतः करावा लागतो, चुका होतात आणि त्या लक्षात राहतात.

मिररलेसमध्ये उजेडाचा परिणाम बटण दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, समोरच्या माणसाच्या डोळ्यावरचा फोकस बहुधा सुटत नाही आणि व्याख्यान चालू असताना आवाज न करता छायाचित्रे घेता येतात; व्हिडिओही करायचा असेल तर तो सरस आहेच. पण या निःशब्द शटरने एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा अशा सभागृहात शटर स्पीड एक शतांश ठेवणे बरे. बॅटरीचा फरकही लहान नाही : निकॉन डी३५०० हा डीएसएलआर एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार सुमारे १,५५० छायाचित्रे काढतो, तर सुरुवातीच्या किमतीतले बरेच मिररलेस काही शेकड्यांवर थांबतात. नव्या लेन्स मात्र आता मिररलेससाठीच येत आहेत, ही डीएसएलआरची खरी उणीव आहे. तरीही जुन्या लेन्सचा साठा इतका मोठा आहे की शिक्षणाच्या तीन वर्षांत ती जाणवण्याचे कारण नाही.

त्यामुळे जो प्रामुख्याने लिहिणार आहे त्याने मोबाईलवर थांबावे, जो छायाचित्रकारच होऊ पाहतो त्याने जुना डीएसएलआर घ्यावा आणि मिररलेसचा विचार घरी पैशांची ओढाताण नसेल तरच करावा. वापरलेला कॅमेरा घेताना, मग तो मुंबईच्या बोरा बाजारातून घ्या किंवा वरच्या वर्गातल्या एखाद्या दादाकडून, लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. शटर किती वेळा उघडले आहे तेही विचारावे, कारण डी३५०० सारख्या कॅमेऱ्याचे शटर १,००,००० वेळांसाठी तपासलेले असते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून त्यांवर स्वस्तात मिळणारी ५० मिलिमीटरची जुनी ‘एएफ-डी’ लेन्स हाताने फोकस करावी लागते. तिथे ‘एएफ-एस’ अशी खूण असलेलीच, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, लेन्स मागावी आणि पैसे देण्यापूर्वी ती त्याच बॉडीवर लावून, दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात फोकस करून पाहावी.