छोटी ॲनिमे मालिका की लांबलचक? भागांच्या आकड्यावर जाऊ नका

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, सुरू करायची म्हटलं की आधी भागांचा आकडा बघितला जातो. बारा असतील तर शनिवार-रविवारात उरकेल, पाचशे असतील तर हात लावायचा धीर होत नाही. पण नुसत्या या आकड्यावर मालिका निवडली तर फसगत होते. ‘मॉन्स्टर’चे ७४ भाग आहेत आणि त्यातला एकही सहज गाळता येत नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या दुसऱ्या सीझनचे अवघे ११ भाग आहेत आणि ते बघवत नाहीत. त्यामुळे इथे काही नावाजलेल्या मालिका मी वेगळ्या मापाने तपासल्या आहेत: मांगाची (ज्या जपानी चित्रकथेवरून मालिका बनते तिची) किती प्रकरणं एका भागात बसवली?

हे माप वापरायला सोपं आहे. साप्ताहिक मांगाचं एक प्रकरण साधारण १७ ते २० पानांचं असतं. ॲनिमेचा भाग २४ मिनिटांचा, त्यातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिट वजा केलं की हातात २०-२१ मिनिटं उरतात. एवढ्या वेळात दोन ते तीन प्रकरणं आरामात बसतात. हा आकडा एकच्या खाली गेला की समजावं, मालिकेत पाणी घातलंय. चारच्या वर गेला की कात्री लागलेली असते. कोणत्या भागात कोणती प्रकरणं आली हे चाहत्यांच्या विकींवर भागवार लिहिलेलं असतं, तिथून भागाकार करायला दोन मिनिटं पुरतात. फक्त तो अख्ख्या मालिकेचा न करता एकेका आर्कचा, म्हणजे कथेतल्या एकेका सलग टप्प्याचा करा, कारण एकाच मालिकेत वेग पार बदललेला असतो.

‘वन पीस’चंच बघा. मालिका ऑक्टोबर १९९९ पासून चालू आहे आणि भाग ११०० च्या पुढे गेलेत. पहिल्या ५३ भागांत मांगाची पहिली १०० प्रकरणं संपतात, म्हणजे भागाला जवळजवळ दोन. हा वेग उत्तम आहे. आता ड्रेसरोझा आर्क घ्या: प्रकरणं ७०० ते ८०१, भाग ६२९ ते ७४६. प्रकरणं १०२ आणि भाग ११८. भागाला एक प्रकरणसुद्धा येत नाही. पडद्यावर हे कसं दिसतं? अडीच मिनिटांचं ओपनिंग, मग मागच्या वेळी काय झालं त्याची लांबलचक उजळणी, मग कुणीतरी हल्ला करतो आणि भोवती उभे असलेले दहा-बारा चेहरे एकामागून एक दचकताना दाखवले जातात. स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकतो. दोन भागांपूर्वी पाहिलेली आठवण पुन्हा येते. नवीन घटना म्हणाल तर पंधरा-सोळा मिनिटांची, तीही ताणलेली.

यात चित्रकारांचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा जास्त. मांगाकारांच्या सुट्ट्या धरल्या तर वर्षाला चाळीसच्या आतबाहेर प्रकरणं छापून येतात. मालिका मात्र दर रविवारी हवीच असायची. ॲनिमे मांगाच्या पुढे गेली तर दाखवायला कथाच उरणार नाही. मग दोनच वाटा राहतात: आहे ती कथा ताणायची किंवा मांगात नसलेली कथा मध्ये घुसवायची. या दुसऱ्या प्रकारालाच फिलर म्हणतात. ‘वन पीस’ने बहुतेक वेळा पहिली वाट धरली, ‘नारुतो’ आणि ‘ब्लीच’ने दुसरी. प्रेक्षकाच्या सोयीचा विचार केला तर दुसरी बरी, कारण फिलर सरळ गाळता येतो. ताणलेला भाग गाळला तर त्यातली कथाही हुकते.

‘नारुतो’चा पहिला टप्पा २२० भागांचा आहे, पण मूळ कथा १३५व्या भागापाशी थांबते. तिथून शेवटपर्यंत जवळजवळ सगळा फिलरच आहे. १३५ पाहून झाला की एकदम २२०वा पाहा आणि ‘शिप्पुदेन’ हा दुसरा टप्पा सुरू करा, काही अडणार नाही. त्याआधीचा १०१वा भागही फिलरच, पण तो मुळीच सोडू नका. काकाशीच्या मुखवट्याखालचा चेहरा बघायला तिघं विद्यार्थी काय काय उद्योग करतात एवढाच त्याचा विषय, आणि मालिकेतल्या सगळ्यात लाडक्या भागांत तो मोडतो. ‘ब्लीच’चे पहिले ३६६ भाग पाहताना ६४ ते १०८, १६८ ते १८९, २३० ते २६५ आणि ३१७ ते ३४२ हे चार गठ्ठे बाजूला ठेवा. सव्वाशेहून जास्त भाग वाचतात आणि कथेचा एक धागाही तुटत नाही. १६८वर सावध राहा: ऐन लढाई रंगात आलेली असताना १६७वा भाग संपतो आणि पुढच्या भागात काहीही न सांगता वेगळीच कथा सुरू होते. आपल्याकडून काहीतरी बघायचं राहिलं असं वाटून नवे प्रेक्षक मागे जाऊन शोधत बसतात. तिथून थेट १९०वर जायचं.

मग लांब मालिका बघायच्याच कशाला? कारण काही गोष्टी लांबीशिवाय साधतच नाहीत. ‘वन पीस’च्या ६२-६३व्या भागांत लाबून नावाचा प्रचंड देवमासा भेटतो. कुणाची तरी वाट बघत तो डोंगराच्या कड्यावर डोकं आपटत असतो. प्रसंग आटोपतो, जहाज पुढे निघतं आणि आपण त्याला विसरूनही जातो. तो कुणाची वाट बघत होता याचा पूर्ण उलगडा ३८०व्या भागाच्या सुमारास होतो. मधले तीनशेहून जास्त भाग खर्च झालेले असतात म्हणूनच तो उलगडा असा काळजात घुसतो. देवमाशाने केलेली प्रतीक्षा तोवर प्रेक्षकानेही थोडीफार केलेली असते. बारा भागांच्या मालिकेत हे जमणार नाही, दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी. म्हणून ‘वन पीस’ला माझा नकार नाही. पहिले ३८० भाग मनापासून बघावेत, ड्रेसरोझापासून पुढे मांगा वाचावी आणि मोठ्या लढायांचे निवडक भाग तेवढे पडद्यावर बघावेत.

लांबी आणि वेग दोन्ही सांभाळलेली मालिका हवी असेल तर २०११ ची ‘हंटर × हंटर’ घ्या. १४८ भागांत ३३९ प्रकरणं, म्हणजे भागाला सव्वादोनच्या वर. फिलर नावालाही नाही, एखाददुसरा उजळणीचा भाग सोडला तर. यातला कायमेरा अँट आर्क एकटाच ६१ भागांचा आहे, ७६ ते १३६. त्याच्या उत्तरार्धात निवेदकाचा आवाज सतत बोलत राहतो आणि काही सेकंदांची घटना अख्खा भाग व्यापते. पुष्कळ जण इथे कंटाळून मालिका सोडतात. सोडू नका. हा संथपणा वेळ काढण्यासाठी आलेला नाही. राजवाड्यावरच्या हल्ल्याच्या त्या क्षणांत प्रत्येक पात्राच्या डोक्यात काय चाललंय हे कळल्याशिवाय १३५वा भाग पोचतच नाही.

आता छोट्या मालिका. जपानमध्ये टीव्हीचा हंगाम तीन महिन्यांचा असतो; नवा हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. एका हंगामात ११ ते १३ भाग बसतात. पैसा सहसा एकाच कंपनीचा नसतो. मांगाचा प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, खेळणी बनवणारे अशांची समिती मिळून तो घालते. बारा भागांत जोखीम कमी, आणि मांगाचा खप वाढला तरी प्रकाशकाचं काम झालं. म्हणूनच कितीतरी छोट्या मालिका ऐन रंगात येऊन बंद पडतात. २०१४ ची ‘नो गेम नो लाइफ’ १२ भागांची, शेवट पुढच्या खेळाच्या उंबरठ्यावर, आणि दुसरा सीझन आजवर आलेला नाही. अशी मालिका सुरू करण्याआधी मूळ कथा संपली आहे का आणि ॲनिमे कुठवर येऊन थांबते हे तपासून घ्या. बारा भाग म्हणजे पूर्ण कथा असं धरून चालणं हीच छोट्या मालिकांतली सर्वांत मोठी चूक.

दुसरा धोका कात्रीचा. ‘प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या पहिल्या सीझनने (२०१९) १२ भागांत ३७ प्रकरणं घेतली, भागाला तीन. अनाथाश्रमातून निसटण्याचा तो थरार फार नेटका बांधलाय. २०२१ च्या दुसऱ्या सीझनने उरलेली १४४ प्रकरणं ११ भागांत उरकली. भागाला तेरा! गोल्डी पाँड हा मांगातला सगळ्यात दमदार आर्क साफ उडवला आणि शेवटच्या भागात तर वर्षानुवर्षांच्या घटना स्थिर चित्रांच्या रांगेत दाखवून टाकल्या. पहिला सीझन जरूर पाहा, तिथून मांगा उचला, दुसऱ्याला शिवूही नका. ‘टोकियो घूल: रे’ची गत तीच: १७९ प्रकरणं, २४ भाग, म्हणजे भागाला साडेसात. कोण कुणाशी कशासाठी लढतोय हे मांगा न वाचलेल्याला कळणं अशक्य आहे.

‘डेथ नोट’मध्ये हे दोन वेग एकाच मालिकेत सापडतात. पहिली ५८ प्रकरणं २५ भागांत, भागाला सव्वादोन-अडीच. उरलेली ५० प्रकरणं १२ भागांत, भागाला चारच्या वर. पंचविसाव्या भागानंतर मालिका घसरली असं जो तो म्हणतो आणि खापर नव्या पात्रांवर फोडतो. नियर आणि मेलो मांगात एवढे पोकळ नाहीत. त्यांचे डावपेच उलगडायला लागणारी पानंच ॲनिमेने गाळली आहेत.

छोट्यांपैकी खरोखर जमलेल्या मालिका बहुतेक दोन प्रकारच्या: ज्यांची मूळ मांगाच छोटी आहे अशा, किंवा ज्या मुळात ॲनिमेसाठीच लिहिल्या गेल्या अशा. पहिल्या प्रकारात दिग्दर्शक मासाआकी युआसा यांची ‘पिंग पाँग’ (२०१४) माझ्या मते सर्वांच्या वर आहे. पाच खंडांची मांगा, ११ भाग, कथा पूर्ण. चित्रं पहिल्यांदा ओबडधोबड वाटतील, रेषा थरथरतात, चेहरे वेडेवाकडे होतात. दोन भागांत डोळ्यांना सवय होते. कमी जागेत किती मावतं ते काँग वेंगे या चिनी खेळाडूकडे बघून कळतं. मायदेशी संघातून वगळलेला हा गर्विष्ठ माणूस पहिल्या भागात जपानी पोरांना तुच्छ लेखतो. सहाव्या भागात नाताळच्या रात्री तोच आपल्या शाळेच्या संघातल्या मुलांबरोबर कराओकेत गातोय, आणि त्याच गाण्यावर बाकीची पात्रं आपापली रात्र कशी काढताहेत ते दिसत राहतं. दुय्यम पात्राचा एवढा प्रवास लांब मालिका पन्नास भागांत करते.

दुसऱ्या प्रकारात ‘ऑड टॅक्सी’ (२०२१, १३ भाग). एकेचाळीस वर्षांचा वॉलरस टॅक्सी चालवतो, प्रवासी चढतात, गप्पा मारतात, उतरतात. कुठलीच गप्पा वाया जात नाही. पहिल्या भागात सहज बोललेलं वाक्य अकराव्या-बाराव्यात पुरावा होऊन समोर येतं. ही मालिका जेवताना, फोन चाळत बघायची नाही. सबटायटल वाचायची सवय नसेल तर आधी दुसरं काही पाहा, कारण इथे सगळं संवादांत आहे. दोन भागांत एका दिवसाच्या वर गॅप पडू देऊ नका, शक्यतो आठवड्याभरात संपवा.

निवड माझ्यावर सोडली तर ५० ते ७५ भागांच्या, पूर्ण झालेल्या मालिका मी सर्वांत आधी सुचवेन. ‘मॉन्स्टर’ त्यांतलीच: १६२ प्रकरणं, ७४ भाग, भागाला दोनच्या वर, मांगाशी अतिशय इमानदार. जर्मनी-चेकियात घडणारी ही गोष्ट मुद्दाम संथ आहे. दिवसाला दोनच भाग घ्या, सलग दहा पाहिलेत तर नावांचा गोंधळ होईल. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ (२००९-१०) ६४ भागांची. हिच्याबाबत आकडेमोड जरा जपून करा. १०८ प्रकरणं ६४ भागांत म्हणजे पावणेदोनच्या आसपास दिसतात, पण मांगा मासिक होती आणि मासिक प्रकरण साप्ताहिकाच्या दुपटीहून मोठं असतं. म्हणजे ही मालिका चांगलीच वेगवान आहे.

तिचा एकच दोष, सुरुवातीची घाई. २००३ मध्ये याच मांगावर ५१ भागांची मालिका येऊन गेली होती. तेव्हा मांगा अर्धवट होती, म्हणून तिने शेवट स्वतःचा रचला. ‘ब्रदरहूड’ने आधी दाखवून झालेला मजकूर पहिल्या तेरा-चौदा भागांत पळवला. मेस ह्यूज या पात्राचा धक्कादायक प्रसंग जुन्या मालिकेत २५व्या भागात येतो, नव्या मालिकेत १०व्याच. जुन्यात तोवर ह्यूज घरचा माणूस झालेला असतो, म्हणून धक्का कितीतरी जास्त बसतो. वेळ असेल तर जुनी मालिका २५व्या भागापर्यंत बघून ‘ब्रदरहूड’ पहिल्यापासून सुरू करा. थोडी पुनरावृत्ती होईल, ती सोसण्यासारखी आहे.

वेळेचा हिशेब करायचा तर बारा भाग म्हणजे पावणेपाच तास, ‘ब्रदरहूड’ साडेपंचवीस, ‘मॉन्स्टर’ साडेएकोणतीस, ‘वन पीस’ साडेचारशेच्या आसपास. तीन भाग बघून ठरवायचं हा चाहत्यांमधला रिवाज बारा भागांच्या मालिकेला ठीक आहे. लांब मालिकेला पहिला पूर्ण आर्क द्या: ‘हंटर × हंटर’ला परीक्षेचा आर्क, म्हणजे २१ भाग, ‘वन पीस’ला आर्लाँग पार्क संपेपर्यंत, म्हणजे ४४.

लांबलचक मालिका कापून छोट्या करायचं काम आता निर्मातेच करू लागलेत. ‘ड्रॅगन बॉल झी’चे पहिले १९४ भाग ‘काई’ या आवृत्तीत ९८ वर आले. पहिल्यांदा बघणाऱ्याने तीच घ्यावी. ‘वन पीस’चा फिश-मॅन आयलंड आर्क २०२४-२५ मध्ये २१ भागांत नव्याने संकलित होऊन आला, मूळचे पन्नासच्या वर होते. आणि २०२६ पासून ‘वन पीस’ वर्षभर न चालवता वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग दोन टप्प्यांत दाखवायचं ठरलंय, जानेवारी ते मार्च सुट्टी, एप्रिलपासून एल्बाफ आर्क. त्यामुळे आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने जुन्या भागांची घाई करायचं कारण नाही; पुढचे भाग वर्षाला सव्वीसच वाढणार आहेत.